बाळाचं नाव कुठल्या रजिस्टरवर आहे? गरोदरपणापासून पहिलीपर्यंत अंगणवाडीचा हक्क मिळवताना

ऊसतोडीचा हंगाम संपला की आमच्या भागात ट्रॅक्टर परत यायला लागतात. मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते, तेव्हाची ही गोष्ट. फडावरून दोन दिवसांपूर्वीच आलेली दीड वर्षाची एक मुलगी मदतनीसताईंनी उचलून काट्यावर ठेवली. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर खूण लाल भागात, म्हणजे तीव्र कुपोषण. मी रजिस्टर उघडलं. दसऱ्यापर्यंत दर महिन्याचं वजन नीट लिहिलेलं होतं. त्यापुढे पाच महिने एकच शेरा : 'स्थलांतरित'. ज्या कारखान्याच्या हद्दीत ती पाच महिने कोपीत राहिली, तिथल्या अंगणवाडीच्या रजिस्टरात तर तिचं नावच नव्हतं. आहार दोन्हीकडे शिल्लक होता, पण तिला कुठेच मिळाला नाही.

नोकरीत हे पुन्हापुन्हा दिसलं. योजना पुष्कळ आहेत. पण बाई सासरहून माहेरी जाते, कुटुंब गावातून फडावर जातं, मूल अंगणवाडीतून पहिलीत जातं, अशा प्रत्येक सांध्यावर नाव गळून पडतं. नाव गळलं की आहार, वजन, लसीकरण, पैसे हे सगळंच थांबतं. म्हणून हा लेख योजनांची यादी देत बसणार नाही. बाळाचं नाव कुठे, कधी आणि कसं लिहायला लावायचं आणि ते टिकवायचं कसं, एवढंच सांगणार आहे. ज्यांच्यासाठी हे आहे त्यातल्या बऱ्याच जणींपर्यंत हा लेख पोचणार नाही. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई, शेजारच्या बांधकामावरचं कुटुंब, गावाकडची वहिनी यांच्यासाठी तुम्ही तो वाचा आणि त्यांना सांगा.

आधी एक गैरसमज दूर करू

'अंगणवाडी म्हणजे खिचडी' असं लोक म्हणतात आणि 'ती दारिद्र्यरेषेखालच्यांची' असंही म्हणतात. दोन्ही चूक. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. आज ती सगळ्यांसाठी खुली आहे. पिवळं कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यातलं काहीही अंगणवाडीत नाव घालायला लागत नाही. सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल, प्रत्येक गरोदर बाई आणि प्रत्येक स्तनदा माता तिथे पात्र आहे. आहार, आरोग्य तपासणी, लसीकरणाला मदत, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आईला आरोग्य-आहाराची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण, ही सहा कामं अंगणवाडीची आहेत.

अंगणवाडी ही कल्पनाच आपल्या मातीतली आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम करू लागल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरांमागे जायची, तर शाळा कुरणात गेली. मूल येत नसेल तर आपण मुलापर्यंत जायचं, हे या कामाचं मूळ. आज रजिस्टरवर 'स्थलांतरित' असा शेरा मारून वही मिटली जाते, तेव्हा मला बोर्डीची आठवण येते.

पायरी पहिली : दिवस राहिल्याचं कळलं की लगेच नाव

पाळी चुकल्यावर तपासणी होते, आशाताई किंवा एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई) नोंद करतात आणि माता-बाल संरक्षण कार्ड देतात. त्याच आठवड्यात अंगणवाडीतही नाव घाला. ही दोन वेगळी रजिस्टरं आहेत. दवाखान्यात नाव आहे म्हणून अंगणवाडीत आपोआप येईल, असं धरून चालू नका. 'चार महिने झाल्याशिवाय सांगायचं नाही' या रिवाजापायी बऱ्याच जणींचे सुरुवातीचे महिने वाया जातात. गावात बोभाटा नको असेल तर ताईंच्या कानात सांगा. त्या कुणाला सांगत नाहीत.

नोंद आता पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर होते. त्यासाठी आईचं आधार आणि मोबाइल नंबर घेतात. इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट : नंबर असा द्या की तो फोन दिवसा आईजवळ असेल. आहाराचं पाकीट देताना चेहऱ्याची पडताळणी आणि ओटीपी मागतात. फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा कामावर, एवढ्यावर रिकाम्या हाताने परतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. घरात फोन एकच असेल तर सासूचा किंवा शेजारणीचा चालेल का, ते ताईंना विचारून ठेवा. बाळाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर बाळाची नोंद होते. 'आधी बाळाचं आधार काढून आणा' असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार हा त्यानुसार बाईचा कायदेशीर हक्क आहे. राज्यातल्या १६ जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनाही २०१५ पासून आहे. तिच्यात शेवटच्या तीन महिन्यांपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला अंगणवाडीत रोज एक वेळ गरम चौरस जेवण मिळतं आणि लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी, अंडी न खाणाऱ्यांना केळी. मेळघाटातल्या धारणीपासून नंदुरबारच्या धडगावपर्यंत हे जेवण तिथेच बसून खायचं असतं. कारण डबा घरी नेला की तो सगळ्यांत वाटला जातो आणि बाईच्या वाटणीला तळाचं येतं.

बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर सासरच्या अंगणवाडीत सांगून निघा आणि माहेरी पोचल्यावर कार्ड घेऊन तिथल्या अंगणवाडीत जा. हा पहिला सांधा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याचा आपला रिवाज चांगला, पण त्या तीन-चार महिन्यांत बाई कुठल्याच वहीत नसते.

पायरी दुसरी : बाळंतपणाचे पैसे

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद करून लवकर तपासणी झाली की ३,०००, आणि बाळाच्या जन्माची नोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, मनरेगाचं जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा वार्षिक आठ लाखांखालच्या उत्पन्नाचा दाखला, यांपैकी काहीही एक चालतं. नवऱ्याचं आधार लागत नाही, हे टाकलेल्या किंवा एकट्या बाईला मुद्दाम सांगा. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात.

पैसे अडकतात ते दोन कारणांनी. एक, आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं. नाव बदलायची घाई करू नका. दोन्हीकडे एकच नाव आहे ना, एवढंच पाहा. दुसरं कारण अधिक फसवं. पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही. आधारला जे खातं शेवटचं जोडलेलं असतं, त्यात ते पडतात. लग्नाआधी शिष्यवृत्तीसाठी माहेरच्या गावात खातं काढलेलं असतं आणि पैसे तिथे जाऊन वर्षभर पडून राहतात. अर्ज भरण्याआधी बँकेत एकच प्रश्न विचारा : 'माझं आधार सध्या कुठल्या खात्याला जोडलंय?'

याखेरीज सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. बांधकाम मजुरांसाठी मोठा आधार वेगळाच आहे. वर्षात ९० दिवस काम करून इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी केलेली असेल, तर दोन अपत्यांपर्यंत नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये. नोंदणी बाळंतपणाच्या आधी हवी आणि दरवर्षी नूतनीकरणही. मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी 'लेक लाडकी'चा अर्ज अंगणवाडीताईंकडेच द्यायचा. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० असे टप्पे आहेत.

मनातलं एक सांगते. २०१३ च्या कायद्यात प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये म्हटलं आहे. पहिल्याच बाळाला ५,००० आणि दुसऱ्याला फक्त मुलगी असेल तर, हे त्या कायद्याच्या शब्दाला धरून नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण जे आहे ते तरी पुरतं पदरात पडू दे.

पायरी तिसरी : जन्मदाखला

थोडक्यात. २१ दिवसांच्या आत नोंद मोफत होते. सरकारी दवाखान्यात बहुधा तिथेच होते, घरी बाळंतपण झालं तर ग्रामपंचायतीत स्वतः जावं लागतं. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं आणि मजुराचे चार दिवस बुडतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा हाच दाखला. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, बारशानंतर वर्षाच्या आत नाव घालून घ्या.

पायरी चौथी : सहा महिने ते तीन वर्षं, सगळ्यात नाजूक काळ

या वयाचं मूल अंगणवाडीत बसायला येत नाही, त्यामुळे ते कुणाच्या नजरेत नसतं. आणि नेमकं याच वयात मूल खालावतं. आईचं दूध पुरेनासं होतं, वरचं अन्न वेळेवर सुरू होत नाही, आई कामाला लागते आणि बाळ पाच-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जातं.

या वयासाठी घरपोच आहार असतो. २०१३ च्या मूळ कायद्यातल्या मोजमापानुसार दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी, आणि हे वर्षातले ३०० दिवस. पाकिटं मिळाली की तारीख पाहा, वास घेऊन पाहा. आळ्या, कुबट वास, फाटकं पाकीट असेल तर तिथेच परत करा आणि 'निकृष्ट म्हणून परत' असं रजिस्टरात लिहायला लावा. घरी नेऊन शेळीला घालू नका. शेळीला घातलेल्या पाकिटाची नोंद 'वाटप झाले' अशीच होते आणि पुढच्या महिन्यात तेच पाकीट येतं.

चांगलं असेल, तर ते बाळासाठी वेगळं ठेवा. पाच माणसांच्या घरात सगळ्यांनी खाल्लं तर बाळाच्या वाट्याला दोन दिवसांचंच येतं. लापशी पातळ पाण्यासारखी करू नका. चमच्यावरून हळूहळू ओघळेल इतपत दाट हवी, वरून चमचाभर तेल किंवा तूप. बाळाचं पोट मुठीएवढं, पाण्याने भरलं तर अन्नाला जागा कुठे? दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं भरवा, आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच ठेवा.

आता वजन. महिन्यातून एकदा वजन ही मुलाची परीक्षा नसते, ती आपली असते. काट्यावर ठेवलं की तीन गोष्टी स्वतः पाहा : काटा आधी शून्यावर होता का, अंगावरचे जाड कपडे उतरवले का, आणि वजन तुमच्यासमोर तुमच्या कार्डावर लिहिलं का. अंदाजाने भरलेली वजनं मी नोकरीत पाहिली आहेत आणि त्याची मला आजही टोचणी आहे. ताईवर कामाचा बोजा असतो, वरून 'कुपोषण कमी दाखवा' असा दबाव असतो. पण आई समोर उभी राहून कार्ड पुढे करते, तेव्हा खरा आकडाच लिहिला जातो.

कार्डावरचा आलेख वाचायला अक्षर यावं लागत नाही. हिरवा पट्टा ठीक, पिवळा सावध, लाल धोका. पण पट्ट्यापेक्षा रेषेची दिशा पाहा. हिरव्यात असूनही रेषा दोन महिने आडवी गेली तर काहीतरी बिघडलं आहे. पिवळ्यात असून वर चढते आहे तर औषध लागू पडतं आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेरही मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. दोन्ही पायांवर बोट दाबलं आणि खड्डा राहिला, तर आकडा काहीही असो, त्याच दिवशी दवाखाना.

तीव्र कुपोषित मूल आजारी नसेल आणि त्याला भूक लागत असेल, तर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात त्याला जादा आहार देतात. ताप, जुलाब, खोकला, सूज असेल किंवा खायलाच तयार नसेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती व्हावं लागतं. इथे आया माघार घेतात, 'घरी दुसरी दोन आहेत, मजुरी बुडेल' म्हणून. भरतीच्या दिवसांची बुडीत मजुरी आईला मिळते आणि तिच्या जेवणाचीही सोय असते, हे जाण्याआधी सांगा आणि तिथे पोचल्यावर मागून घ्या. सुट्टी मिळाल्यावर पुन्हा तपासणीला बोलावतात, त्या तारखा चुकवू नका. घरी आलेलं मूल दोन महिन्यांत परत घसरतं, ते याच कारणाने.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ऐकू कमी येणं, तिरळेपणा, फाटलेला ओठ, हृदयाचं छिद्र, उशिरा बोलणं हे तिथे पकडलं जातं आणि पुढचे उपचार मोफत होतात. 'बोलेल की मोठा झाल्यावर, याचा बापही उशिराच बोलला' असं म्हणून घालवलेली वर्षं परत येत नाहीत.

पायरी पाचवी : तीन ते सहा, इथे शिक्षण मागा

ज्या घरात दहा हजारांवर महिना चालतो, त्या घरातून इंग्रजी नर्सरीच्या फीला हजार-बाराशे जाताना मी पाहते. आईबापांना दोष देण्याचा प्रश्नच नाही, मुलाचं भलं व्हावं म्हणूनच ते पोट मारतात. पण तीन वर्षांच्या मुलाला पाटीवर ए-बी-सी-डी गिरवायला बसवणं म्हणजे शिक्षण नव्हे. या वयात हाताचे स्नायू तयार व्हायचे असतात, कान शब्दांनी भरायचे असतात, आणि ते घरच्या भाषेत होतं. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांसाठी 'आकार' हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आला, केंद्राने मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं आणि सेविकांची प्रशिक्षणं झाली. म्हणजे शिकवणं हे अंगणवाडीचं काम आहे, ताईंचा उपकार नव्हे. पालकांनी ते मागितलं की ते होऊ लागतं.

कसं मागायचं? आठवड्यातून एक दिवस सोडायला जाल तेव्हा अर्धा तास बसा. गोष्ट सांगितली जाते का? मुलं बोलतात का, की फक्त कोरसमध्ये 'होऽऽ' म्हणतात? खेळणी कपाटात कुलपात आहेत की जमिनीवर? फुटतील म्हणून खेळणी जपून ठेवलेली असतील तर ताईंना म्हणा, 'फुटू द्या, आम्ही पालक सांगू की मुलांनी वापरली.' हिशेबाची भीती असते बिचाऱ्यांना. तुमची सही त्यांना आधार देते.

कोरकू, गोंडी, वारली, भिल्ली बोलणारं मूल मराठी अंगणवाडीत महिनोन् महिने गप्प बसतं आणि वहीवर 'मंद' ठरतं. मदतनीस बहुधा त्याच पाड्यावरची असते. पहिली गोष्ट तिला तिच्या भाषेत सांगू द्यावी, अशी विनंती पालक सभेत करा. घरी मात्र तुमच्याच भाषेत बोला. तोडकं-मोडकं मराठी किंवा इंग्रजी शिकवायच्या नादात आपली भाषा बंद करू नका.

घरी लागतं काय, तर रोजची पंधरा मिनिटं. चिंचोके वाटीत मोजून टाकणं, शेंगा सोलणं, भाकरी कुणाला किती ते विचारणं, ओवी, बडबडगीत, आज रस्त्यात काय पाहिलं ते सांगायला लावणं. २०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. शाळेत टेबलं मांडून मूल उडी मारतं का, रंग ओळखतं का, मोजतं का ते पाहतात आणि मग वस्तीतल्या आयांचे गट करून घरी करायच्या कृती देतात. एका वस्तीत वाचता न येणारी एक आई तिथल्या गटाची प्रमुख झालेली मी पाहिली आहे. कार्डावरची चित्रं पाहून ती इतर आयांना समजावून सांगायची.

पायरी सहावी : गाव सोडताना

कोयत्यावर, वीटभट्टीवर, बांधकामावर जाण्याआधी हे एवढं करा. अंगणवाडीत जाऊन सांगा : कधी निघणार, कुठल्या तालुक्यात, मुकादमाचा नंबर काय. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून दुसऱ्या अंगणवाडीत नाव हलवता येतं आणि राज्यानेही स्थलांतरित मुलांच्या नोंदीसाठी वेगळी 'महा एमटीएस' प्रणाली आणली आहे. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. कोपीत पावसाने किंवा चुलीच्या ठिणगीने कार्ड गेलं तरी फोटो राहतो.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळची अंगणवाडी शोधा. 'तुम्ही इथले नाही' असं ऐकायला मिळेल. त्यावर उत्तर एकच : 'आम्ही इथे राहतो आहोत, मूल इथे आहे.' जिथे मूल राहतं तिथे त्याला सेवा मिळते, रहिवासाचा दाखला लागत नाही. टोळीतली मुलं एकत्र घेऊन जा. एकट्या बाईला परत पाठवतात, आठ मुलांसह चौघी उभ्या राहिल्या की वही उघडते. फड दूर असेल तर आहार तिथे पोचवण्यासाठी ताईंना कारखान्याच्या शेतकी विभागाशी बोलायला सांगा. टोळ्या कुठे उतरल्या ते त्यांना नेमकं माहीत असतं.

बांधकामावर असाल तर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच स्पष्ट म्हटलं होतं : पन्नासपेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. मुंबईत साइटवरची अशी पाळणाघरं मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था १९७२ पासून चालवते आहे, म्हणजे हे करता येतं. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलं आहे, सहा महिन्यांपासूनचं मूल दिवसभर तिथे राहतं. तुमच्या भागात असं कुठे आहे, ते बाल विकास प्रकल्प कार्यालयात विचारा.

अंगणवाडीच नसेल तर

नव्या झोपडपट्टीत, पाड्यावर, पुनर्वसन वसाहतीत हे होतं. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात म्हटलं आहे की वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यायची. मुलांची यादी करा : नाव, जन्मतारीख, आईचं नाव, सही किंवा अंगठा. अर्ज असा :

'प्रति, बाल विकास प्रकल्प अधिकारी. विषय : नवीन अंगणवाडी मिळणेबाबत. आमच्या वस्तीत सहा वर्षांखालील … मुले असून अंगणवाडी नाही. जवळची अंगणवाडी … किलोमीटरवर, रस्त्यापलीकडे आहे. मा. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार वस्तीत अंगणवाडी सुरू करावी. सोबत मुलांची यादी.'

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच मिळाली नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. तीन महिन्यांनी काही झालं नसेल तर माहिती अधिकारात त्याच पोचेचा दाखला देऊन काय कार्यवाही झाली ते विचारा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

अंगणवाडी आहे पण गळकी, संडास नाही, पाणी नाही, अशा वेळी ग्रामसभेत बोला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. 'गेल्या वर्षी त्या दहा टक्क्यांत काय केलं?' हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ हालतं.

तक्रारीचा क्रम असा ठेवा. आधी ताईंशी बोला. त्यांच्या हातातलं नसेल तर मुख्यसेविका, मग बाल विकास प्रकल्प अधिकारी, मग जिल्हा परिषदेतला महिला व बाल कल्याण विभाग. पोषणासाठी १४४०८ हा मदत क्रमांक आहे. आहार महिनोन् महिने मिळालाच नाही तर अन्नसुरक्षा कायद्याखालच्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी जा. आणि एक कळकळीची विनंती : पुरवठाच वरून आला नसेल तर ताईला दोष देऊ नका. मानधनावर काम करणारी ती बाई बऱ्याचदा उसनवारीने डाळ आणून मुलांना जेवू घालत असते.

पायरी सातवी : पहिलीत जाताना

३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर मूल पहिलीला पात्र. दोन वाटा आहेत. जिल्हा परिषदेची किंवा पालिकेची शाळा, जिथे पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण मोफत. किंवा शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळा, आठवीपर्यंत फी माफ. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी शाळा जवळ असलेल्या खासगी शाळांना यातून वगळलं होतं, पण मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला, त्यामुळे ही वाट खुली आहे.

खासगी शाळा निवडण्याआधी तिथे आत शिकणाऱ्या मुलाच्या आईला विचारा : फीशिवाय वर्षाला किती लागतात? बस, सहली, कार्यक्रमाचे कपडे यात कुटुंब मेटाकुटीला येतं आणि दुपारचं जेवणही तिथे नसतं. गावातली शाळा चांगली चालत असेल तर मी तीच सुचवते. पण अर्ज करायचाच असेल तर कागद दिवाळीतच गोळा करा. उत्पन्नाच्या आधारावर असेल तर तहसीलदारांचा एक लाखाच्या आतला दाखला, वंचित गटातून असेल तर जातीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा आणि अर्जाच्या तारखेआधीचा हवा. साध्या स्टॅम्पपेपरवरचा चालत नाही, यावरच सर्वात जास्त प्रवेश हुकतात. अर्ज ऑनलाइन भरताना नकाशावरची खूण घराच्या नेमक्या जागी ठेवा, कारण एक किलोमीटर आणि तीन किलोमीटर यांवर क्रम लागतो. सोडत लागल्यावर मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही, देणगी मागता येत नाही.

वयाच्या पुराव्याअभावी कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला हरवला किंवा मिळालाच नाही, तर अंगणवाडीच्या रजिस्टरातली नोंदही वयाचा पुरावा म्हणून धरली जाते.

प्रवेशाच्या दिवशी कामावर खाडा पडला तरी आईबापांपैकी एकाने स्वतः जा. मुख्याध्यापक मुलाचं नाव जनरल रजिस्टरमध्ये लिहितील तेव्हा समोर बसा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जात, जन्मतारीख, एकेक अक्षर जन्मदाखल्याशी ताडून पाहा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या कुणाला सोबत न्या. वेलांटी चुकली असेल तर तिथेच थांबवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पुढे जातपडताळणीला हीच ओळ जाते, आणि तेव्हा ती बदलायला वर्ष लागतं. लिहून झालं की त्या पानाचा फोटो काढायची परवानगी मागा आणि तो फोटो कार्डाच्या फोटोशेजारी ठेवा.